तपास पोलिसांचा, निर्णय दुसऱ्याचा : पाम बीचमधील एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाचा आवाका

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी पाम बीच नावाचे धनिकांचे गाव आहे. तेथील नगर पोलीस विभागाने मार्च २००५ ते जुलै २००६ या काळात जेफ्री एप्स्टीन या धनाढ्य रहिवाशाविरुद्ध, अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून, केलेला तपास हा या लेखाचा विषय आहे. २०१९ मध्ये हे नाव जगभर गाजले आणि त्यानंतरच्या लिखाणाचा बहुतेक भर राजकारणी, राजघराणी आणि खासगी विमानातील प्रवाशांच्या याद्यांवर राहिला. तो सगळा भाग येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण पोलीस प्रशासनाच्या दृष्टीने यातील शिकण्याजोगी गोष्ट फार आधी, एका छोट्या विभागाच्या कचेरीत घडलेली आहे. विभागाने पुरावा गोळा केला होता आणि साक्षीदार मिळवले होते. मात्र खटला चालवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तो निम्म्याहून कमी केला. अशा वेळी विभागप्रमुखापुढे कोणते मार्ग होते, त्याने कोणता निवडला आणि त्याचे पुढे काय झाले, एवढ्यापुरतीच ही मांडणी आहे.

पीडित मुली, त्यांचे नातेवाईक, घरातील नोकर आणि इतर खासगी व्यक्ती यांची नावे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सार्वजनिक पदावर असलेल्यांची नावे मात्र नोंदींप्रमाणे दिली आहेत.

पार्श्वभूमी

पाम बीच हे एक लांबट, अरुंद बेट आहे. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला लेक वर्थ नावाची खाडी आणि खाडीपलीकडे वेस्ट पाम बीच हे मोठे, सर्वसामान्यांचे शहर अशी रचना आहे. दोन्ही काठ पुलांनी जोडलेले आहेत. रेल्वे उद्योजक हेन्री फ्लॅग्लर यांनी १८९० च्या दशकात येथे भव्य हॉटेले उभारली, १९११ मध्ये गावाला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून थंडीच्या हंगामात उत्तरेकडच्या श्रीमंतांनी येथे यावे हा शिरस्ता पडला. कायमची वस्ती दहा हजारांच्या आसपास आहे. घरे उंच कुंपणांआड असतात, आणि बागकाम, स्वयंपाक, साफसफाई, पहारा अशी सगळी कामे करणारी माणसे रोज सकाळी पूल ओलांडून येतात आणि संध्याकाळी परत जातात.

या येण्याजाण्याशी तेथील पोलिसांचे नाते जुने आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गावात असा नियम होता की घरकामगार, माळी, हॉटेलांतील नोकर यांनी पोलिसांकडे नाव नोंदवावे, बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे आणि ओळखपत्र जवळ बाळगावे. न्यायालयीन लढाई आणि राज्याचा कायदा यांमुळे तो बंद झाला. विभागाची घडण कोणासाठी झाली होती हे त्या नियमावरून कळते. रहिवाशाला बाहेरून येणाऱ्यापासून जपायचे, हे त्याचे मूळ काम. प्रस्तुत प्रकरणात नेमके उलटे घडले होते. पूल ओलांडून येणाऱ्यांना एका रहिवाशापासून धोका होता.

मराठी वाचकासाठी येथे व्यवस्थेतील एक फरक सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली असतात, नगरपालिकेकडे पोलीस दल नसते आणि तपास संपल्यावर पोलीस स्वतः न्यायालयात आरोपपत्र दाखल करतात. पाम बीचचे पोलीस नगर परिषदेच्या पगारावर आणि नगर प्रशासकाच्या हाताखाली काम करतात. तपास करण्याचा आणि पुरेसा आधार असल्यास अटक करण्याचा अधिकार त्यांना आहे. परंतु गंभीर गुन्ह्याचे औपचारिक दोषारोप दाखल करायचे की नाही, हे जिल्ह्यातून निवडणुकीने आलेला राज्य सरकारी वकील ठरवतो. त्याला स्वतःच्या सहीने दोषारोप दाखल करता येतात किंवा नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे प्रकरण ठेवता येते. देहान्ताच्या शिक्षेचा गुन्हा सोडला तर फ्लोरिडात ग्रँड ज्युरीकडे जाणे बंधनकारक नाही. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

त्या काळात विभागाचे प्रमुख मायकल रायटर होते. तपासाची जबाबदारी आधी एका महिला अधिकाऱ्याकडे होती आणि नंतर ती जोसेफ रेकरी यांच्याकडे आली. राज्य सरकारी वकील बॅरी क्रिशर १९९३ पासून त्या पदावर होते आणि त्यांचे पोलिसांशी संबंध चांगले होते. एप्स्टीनचे घर बेटाच्या मध्यभागातील एका बंद टोकाच्या रस्त्यावर होते. गावात तो देणगीदार म्हणून परिचित होता, आणि त्याने पोलीस विभागासाठीही पैसे दिले होते. बंदुकीच्या सरावाची यंत्रणा घेण्यासाठी दिलेली ९०,००० डॉलरची देणगी त्यांपैकीच होती.

समस्या

मार्च २००५ मध्ये खाडीपलीकडील एका चौदा वर्षांच्या मुलीच्या सावत्र आईने विभागाशी संपर्क साधला. मुलीला पैशांचे आमिष दाखवून बेटावरील एका श्रीमंत माणसाच्या घरी मालिशसाठी नेण्यात आले होते आणि तेथे तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता, असे तक्रारीचे स्वरूप होते.

सुरुवातीला ही एका मुलीची तक्रार होती. काही आठवड्यांत तिचे रूप पालटले. तिने आणखी मुलींचा उल्लेख केला, त्या मुलींनी आणखी काहींचा, आणि प्रत्येक जबाबात तोच क्रम पुन्हा दिसू लागला. शाळेतील ओळखीची एखादी मुलगी दोनतीनशे डॉलर मिळतील म्हणून दुसरीला नेते, घरात तीच जागा, तीच माणसे, तीच पद्धत. आणि नव्या मुली आणल्यास आणणारीला वेगळे पैसे. एकमेकींना न ओळखणाऱ्या मुलींच्या सांगण्यात असा मेळ बसला, तेव्हा तपास अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की हा एखाद्या दिवसाचा प्रसंग नसून चालू असलेली व्यवस्था आहे.

अडचणी मात्र तीन बाजूंनी होत्या. घर विभागाच्या हद्दीत असले, तरी जवळजवळ सर्व मुली हद्दीबाहेर, पुलापलीकडे राहत होत्या. अनेकींची घरची परिस्थिती बेताची होती, काहींच्या घरात व्यसन किंवा फाटाफूट होती, आणि न्यायालयात उलटतपासणीच्या वेळी याच गोष्टी त्यांच्याविरुद्ध वापरल्या जाणार हे उघड होते. त्यात काही मुलींची भूमिका दुहेरी होती. आधी त्या स्वतः बळी ठरल्या आणि मग पैशांसाठी इतरांना घेऊन गेल्या. त्यांना साक्षीदार मानायचे की आरोपी, हा प्रश्न कायद्याइतकाच माणुसकीचाही होता. आणि समोर असलेल्या माणसाकडे वकील, खासगी गुप्तहेर आणि वेळ विकत घेण्याइतका पैसा होता.

तपास आणि त्यातील निर्णय

पहिला निर्णय गुप्ततेचा होता. एखादा मोठा रहिवासी चौकशीखाली आहे ही गोष्ट छोट्या गावात लपत नाही. ती नगर परिषदेत, क्लबांत आणि पार्ट्यांत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून विभागाने आरोपीला न विचारता बाहेरून पुरावा जमवायचे ठरवले. घरावर पाळत ठेवण्यात आली, येणाऱ्या गाड्यांची नोंद झाली आणि नगराच्या स्वच्छता विभागाच्या मदतीने त्या घराचा कचरा वेगळा काढून तपासण्यात आला.

कचऱ्याच्या या भागावर थोडे थांबले पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात असा निर्णय दिला की उचलून नेण्यासाठी रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्यावर मालकाचा खासगीपणाचा दावा राहत नाही आणि तो तपासायला वॉरंट लागत नाही. कचरा उचलणारे कर्मचारी आणि पोलीस दोघेही एकाच नगराचे नोकर असल्यामुळे हे काम गाजावाजा न करता झाले. त्यात फोनवरच्या निरोपांच्या चिठ्ठ्या सापडल्या, आणि त्यांवर मुलींची नावे, फोन क्रमांक व येण्याच्या वेळा होत्या. एखादी मुलगी सांगते की मी तेथे गेले होते, ही एक गोष्ट. त्या घरातल्याच माणसाच्या हातची चिठ्ठी तेच सांगते, ही वेगळी. मुलींच्या विश्वासार्हतेवर पुढे जो हल्ला होणार होता, त्याला या चिठ्ठ्यांइतके ठोस उत्तर दुसरे नव्हते. माझ्या मते संपूर्ण तपासातील हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते, आणि ते गावातल्या साध्या, रोजच्या यंत्रणेतून उचलले गेले.

दुसरा निर्णय झडतीच्या वेळेचा होता. लवकर झडती घेतली तर घरातील वस्तू हाती लागण्याची शक्यता जास्त, पण जबाब अपुरे असल्यामुळे वॉरंटचा पाया कच्चा राहण्याचा धोका. थांबले तर पाया भक्कम होणार, पण बातमी फुटण्याची शक्यता दर आठवड्याला वाढणार. विभागाने थांबण्याचा पर्याय घेतला. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे तक्रारीनंतर सात महिन्यांनी, घराची झडती झाली. तोपर्यंत संगणक हलवण्यात आले होते आणि त्यांच्या तारा तेवढ्या मागे राहिल्या होत्या. मालिशचे टेबल, निरोपांच्या चिठ्ठ्यांच्या वह्या आणि इतर वस्तू मिळाल्या. घराच्या आतील मांडणीचे चित्रीकरणही करण्यात आले. संगणकांत काय होते हे पोलिसांना कळू शकले नाही.

तिसरा निर्णय साक्षीदारांबाबतचा होता. घरात काम केलेल्या माजी नोकरांचे शपथेवर जबाब घेण्यात आले. एवढ्या धनवान मालकाविरुद्ध बोलायला नोकर तयार झाले, याला मुलींच्या जबाबांमधील मेळ हेही एक कारण असावे. इकडे बचाव पक्षाच्या गुप्तहेरांनी मुलींच्या समाजमाध्यमांवरील पानांतून त्यांचे फोटो व लिखाण गोळा करून ते सरकारी वकिलांच्या कार्यालयात सादर केले. मुलींच्या कुटुंबीयांचा पाठलाग होत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि खुद्द रायटर व रेकरी यांच्या मागावरही माणसे ठेवण्यात आली. आरोपीचा कचरा तपासणाऱ्या पोलिसांचा कचरा आता आरोपीची माणसे तपासत होती.

देणगीबाबत विभागाचे पाऊल स्पष्ट होते. ९०,००० डॉलर परत करण्यात आले. रक्कम परत करणे सोपे असते. ती आधी घेतली गेली होती ही गोष्ट पुसता येत नाही, आणि याचा विचार शेवटच्या भागात पुन्हा करावा लागेल.

दार बंद होते तेव्हा

२००६ च्या सुरुवातीपर्यंत विभागाच्या दृष्टीने प्रकरण तयार होते. रायटर यांनी पुढे जे सांगितले आहे त्यानुसार सरकारी वकिलांच्या कार्यालयाचा सूर आधी कडक होता आणि नामांकित वकिलांची फौज उभी राहिल्यानंतर तो बदलला. ग्रँड ज्युरीची सुनावणी पुढे ढकलली गेली आणि तुरुंगवास नसलेल्या तडजोडीची बोलणी सुरू झाल्याचे पोलिसांच्या कानावर आले. तपास अधिकाऱ्याने अशा तडजोडीला आपली संमती नसल्याचे कळवले. पण त्याची संमती कायद्याने आवश्यक नव्हती.

विभागप्रमुखापुढे या टप्प्यावर कोणते पर्याय होते, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

पहिला पर्याय म्हणजे गप्प बसणे. तपास करून कागद पुढे पाठवला की पोलिसांचे काम संपते, अशी भूमिका नियमाला धरून होती आणि बहुतेक विभागप्रमुख तीच घेतात. त्यात गावातील संबंध टिकतात आणि सरकारी वकिलाशी असलेले नातेही. पुढच्या प्रत्येक चोरी-घरफोडीसाठी विभागाला त्याच कार्यालयाकडे जायचे असते, ही गोष्ट बाहेरून दिसते तितकी क्षुल्लक नाही.

दुसरा पर्याय होता वॉरंटशिवाय थेट अटक करण्याचा. पुरेसा आधार असल्यामुळे तो कायद्यात बसत होता, आणि वर्तमानपत्रांत तो शूरपणाचाही दिसला असता. प्रत्यक्षात तो पोकळ ठरण्याचा संभव मोठा होता. फ्लोरिडात तेव्हा गंभीर गुन्ह्यात अटक झाली की आरोपीला १७५ दिवसांत खटला उभा राहण्याचा हक्क मिळत असे. अटक करून घड्याळ पोलिसांनी सुरू करायचे आणि खटला मात्र तो चालवण्यास अनुत्सुक असलेल्या वकिलाच्या हाती द्यायचा, तर दोषारोप दाखल न होता आरोपी सुटला असता आणि बचाव पक्षाला निर्दोषत्वाचा डंका पिटायला मोकळे रान मिळाले असते. हा मार्ग न घेण्यात विभागाची भीती नव्हे, समज दिसते.

तिसरा पर्याय सरकारी वकिलालाच लेखी विचारणा करण्याचा होता. चौथा राज्यपालांकडे जाण्याचा. कारण एखाद्या प्रकरणात सरकारी वकिलाला अडचण असल्यास दुसऱ्या जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे ते सोपवण्याचा अधिकार फ्लोरिडाच्या कायद्याने राज्यपालांना आहे. पाचवा केंद्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एफबीआयकडे, कागदपत्रे देण्याचा. अल्पवयीन मुलींना फोनवरून बोलावणे, राज्याराज्यांतून होणारा प्रवास, पैशांचा व्यवहार यांमुळे केंद्रीय कायदा लागू होण्यास वाव होता, आणि २००० साली झालेल्या मानवी व्यापारविरोधी कायद्याने तो आणखी रुंद केला होता.

रायटर यांनी तिसरा आणि पाचवा हे दोन मार्ग जोडीने वापरले. १ मे २००६ रोजी विभागाने एप्स्टीनविरुद्ध अल्पवयीन व्यक्तीशी बेकायदा लैंगिक वर्तनाचे चार आणि विनयभंगाच्या स्वरूपाचा एक असे पाच आरोप मांडणारे, आणि त्याच्यासाठी मुली आणणाऱ्या दोघींविरुद्धचे, प्रतिज्ञापत्रासह कागद सरकारी वकिलांकडे सोपवले. सोबत क्रिशर यांना उद्देशून एक पत्र होते. त्यांच्या कार्यालयाने हे प्रकरण ज्या पद्धतीने हाताळले ती नेहमीपेक्षा वेगळी आहे, असे त्यात नमूद करून त्यांनी स्वतः या प्रकरणातून बाजूला होण्याचा विचार करावा, अशी विनंती केली होती. एका नगराच्या पोलीस प्रमुखाने जिल्ह्याच्या निवडून आलेल्या सरकारी वकिलाला लेखी असे सांगणे हा दुर्मीळ प्रकार आहे.

पत्राचा तात्काळ उपयोग झाला नाही. क्रिशर बाजूला झाले नाहीत. जुलै २००६ मध्ये प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेले. ग्रँड ज्युरीचे कामकाज गुप्त असते, तेथे न्यायाधीश किंवा विरुद्ध बाजूचा वकील नसतो आणि सरकारी वकील जे ठेवतो तेवढेच ज्युरीला दिसते. पोलिसांनी शोधलेल्या मुलींपैकी फारच थोड्या तेथे बोलावल्या गेल्या. निष्पन्न झाला तो एकच आरोप : वेश्याव्यवसायासाठी प्रवृत्त करणे. मुली अल्पवयीन असल्याचा त्यात उल्लेखही नव्हता. २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने खास कायदा करून ते कामकाज उघड करण्याची वाट मोकळी केली, आणि जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतींमधून दिसले की सरकारी पक्षाने आपल्याच साक्षीदार मुलींना, त्यांनी केलेली गोष्ट गुन्हा आहे, या अंगाने प्रश्न विचारले होते. ज्यांच्या वतीने उभे राहायचे त्यांचीच उलटतपासणी घेण्याचा हा प्रकार होता.

त्यानंतर रायटर यांनी उचललेले पाऊल मला पत्राहून महत्त्वाचे वाटते. त्यांनी पीडित मुलींच्या कुटुंबांना लेखी कळवले की या दोषारोपाने पुरेसा न्याय झाला असे आपल्याला वाटत नाही आणि प्रकरण एफबीआयकडे दिले आहे. विभागाचे अहवालही राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यानुसार खुले झाले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. एकाच दोषारोपाच्या मागे किती मोठा तपास होता, हे त्यामुळे कायमचे कागदावर राहिले.

परिणाम

केंद्रीय पातळीवर प्रकरण सुरुवातीला वेगाने पुढे गेले. २००७ मध्ये तेथील केंद्रीय सरकारी वकिलांच्या कार्यालयात ५३ पानांचा दोषारोपाचा मसुदा तयार झाला. तो दाखल झाला नाही. सप्टेंबर २००७ मध्ये अलेक्झांडर अकोस्टा प्रमुख असलेल्या त्या कार्यालयाने आरोपीशी खटला न चालवण्याचा करार केला, आणि त्यात त्याच्या संभाव्य साथीदारांनाही अभय दिले. मुलींना याची पूर्वकल्पना देण्यात आली नाही. ३० जून २००८ रोजी एप्स्टीनने राज्य न्यायालयात दोन आरोपांची कबुली दिली आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी सुमारे तेरा महिने त्याने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफच्या (निवडून आलेल्या पोलीस प्रमुखाच्या) ताब्यात काढले, आणि तेही आठवड्यातील सहा दिवस, दिवसाचे बारा तासांपर्यंत, कार्यालयात जाण्याच्या सवलतीसह. पुलाच्या एका बाजूच्या पोलिसांनी ज्याला पकडण्यासाठी तेरा महिने खर्च केले, त्याच्या कार्यालयाबाहेर दुसऱ्या बाजूच्या शेरीफचे शिपाई त्याच्याच पैशाने पहारा देत होते.

प्रकरण संपल्यासारखे वाटले. रायटर २००९ मध्ये निवृत्त झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायामी हेराल्ड या वृत्तपत्राने प्रसिद्ध केलेल्या दीर्घ वृत्तमालिकेने ते पुन्हा वर आणले. रेकरी यांचा त्याआधी काही महिने, मे २०१८ मध्ये, मृत्यू झाला होता. जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय सरकारी वकिलांच्या दोषारोपावरून एप्स्टीनला अटक झाली. त्या दोषारोपाचा काळ २००२ ते २००५ असा होता आणि ठिकाणांमध्ये पाम बीचचे तेच घर होते. त्याच महिन्यात, तेव्हा केंद्रीय कामगारमंत्री असलेल्या अकोस्टा यांना पद सोडावे लागले. तत्पूर्वी पत्रकार परिषदेत त्यांनी दोष राज्याच्या सरकारी वकिलांवर टाकला आणि क्रिशर यांनी तो फेटाळला. १० ऑगस्ट २०१९ रोजी एप्स्टीनचा कोठडीत मृत्यू झाला, त्यामुळे त्याच्यावरील खटला उभा राहिलाच नाही. न्याय खात्याच्या चौकशीने नोव्हेंबर २०२० मध्ये अकोस्टा यांच्या निर्णयाला गैरवर्तन नव्हे, पण चुकीचा विवेक असे म्हटले. एप्स्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिच्यावर मात्र खटला चालला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती दोषी ठरली. त्या खटल्यात पाम बीच पोलिसांनी २००५ च्या झडतीत जप्त केलेले मालिशचे टेबल न्यूयॉर्कच्या न्यायालयात ज्युरीपुढे मांडण्यात आले.

म्हणजे सोळा वर्षे मुद्देमाल जपून ठेवला गेला होता. मुद्देमाल कक्षाची शिस्त हा पोलीस प्रशिक्षणातील कंटाळवाणा विषय समजला जातो. येथे त्याच शिस्तीने एका नगर विभागाचा तपास दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात टिकवून ठेवला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा प्रश्न एफबीआयला कधी बोलवायचे याचा आहे. हद्दीबाहेरच्या मुली, राज्याबाहेर ये-जा करणारा आरोपी आणि वर्षानुवर्षे चाललेली पद्धत या तीनही गोष्टी २००५ च्या उन्हाळ्यापर्यंत स्पष्ट होत्या. त्याच वेळी संयुक्त तपास सुरू झाला असता, तर आरोपीच्या इतर राज्यांतील घरांकडेही एकाच वेळी लक्ष गेले असते आणि सरकारी वकिलाचा निर्णय हा एकमेव दरवाजा राहिला नसता. याला एक प्रतिवाद आहे आणि तो हलका नाही. २००७ मध्ये केंद्रीय कार्यालयानेही माघार घेतली, त्यामुळे आधी गेल्याने निकाल बदललाच असता असे म्हणता येत नाही. तरीही दोन यंत्रणा एकाच वेळी पाहत असताना गुपचूप तडजोड करणे दोघींनाही अवघड गेले असते.

झडतीबाबत माझे मत विभागापेक्षा वेगळे आहे. सात महिने थांबण्यामागची कारणे समजण्यासारखी असली, तरी कचऱ्यातील चिठ्ठ्या आणि पहिल्या काही मुलींचे जबाब एवढ्यावर वॉरंट मिळणे अशक्य नव्हते. जबाब नंतरही घेता आले असते. संगणक मात्र एकदा घरातून गेले की परत येणार नव्हते. ज्या गावात नोकर, वकील आणि अधिकारी एकाच दोन-तीन रस्त्यांवर फिरतात, तेथे बातमी फुटणार हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखायला हवे होते.

पत्राचा सूर आणि त्याची वेळ यांबाबतही दुमत होऊ शकते. स्वतः बाजूला व्हा, अशी विनंती त्याच माणसाकडे केली की त्याला नकार देण्यापलीकडे काही करावे लागत नाही. तीच विनंती प्रत राज्यपालांकडे पाठवून झाली असती, तर नकाराला कारण द्यावे लागले असते. राजकीयदृष्ट्या ते पाऊल जड होते आणि एका नगराच्या नोकराने ते उचलावे अशी अपेक्षा करणे सोपे नाही. पण १ मे च्या पत्राने संबंध तसेही तुटलेच होते.

मुलींच्या बाजूने पाहिले तर उणीव वेगळी दिसते. जबाब घेणारे अधिकारी सहृदय होते, पण जबाबापासून निकालापर्यंत त्यांच्या सोबत राहील अशी व्यक्ती नव्हती. गुप्तहेर दारात उभे राहिले तेव्हा त्यांना तक्रार करण्यासाठी पुन्हा पूल ओलांडून त्याच कचेरीत यावे लागत होते. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यात आधार देणाऱ्या व्यक्तीची तरतूद आहे आणि बालकाची संमती विचारात घेतली जात नाही. फ्लोरिडात तेव्हा अल्पवयीन मुलीलाच वेश्याव्यवसायाच्या चौकटीत बसवण्याला कायदा पुरता आडवा येत नव्हता. कायदा बदलणे विभागाच्या हातात नव्हते, पण खाडीपलीकडच्या पोलिसांशी संरक्षणाचा लेखी करार करणे हातात होते.

देणगीचा प्रश्न तर तपासाच्याही आधीचा आहे. रहिवाशाच्या पैशाने सरावाची यंत्रणा घ्यायची आणि त्याच रहिवाशाचा पुढे तपास करायचा, ही वेळ प्रत्येक श्रीमंत गावातील विभागावर आज ना उद्या येऊ शकते. रक्कम परत केल्याने विभागाची नियत सिद्ध झाली. परंतु व्यक्तींच्या देणग्या विभागाच्या नावे न घेता नगराच्या सामान्य निधीत, देणगीदाराचे नाव न जोडता घेण्याचा नियम आधीच असता, तर नियत सिद्ध करण्याची गरजच पडली नसती.

आणि एक गोष्ट अशी आहे की ती करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. गंभीर गुन्ह्याचा तपास पूर्ण झाल्यावर सरकारी वकिलाने ठरावीक दिवसांत निर्णय न दिल्यास, आरोपी कोणीही असो, कागदपत्रांची प्रत आपोआप केंद्रीय यंत्रणेकडे जाईल, असा आदेश पोलीस प्रमुख स्वतःच्या सहीने काढू शकतो. असा आदेश आधीपासून फाइलमध्ये असता, तर २००६ च्या वसंतात रायटर यांना एका प्रभावशाली रहिवाशाविरुद्ध वैयक्तिक धाडस करून पत्र लिहावे लागले नसते. त्यांना फक्त तारीख पाहावी लागली असती, आणि गावातल्या कोणालाही, क्रिशर यांनाही, तो निर्णय या एका माणसासाठी घेतला गेला असे म्हणता आले नसते.